तुमच्या फ्लशला न चालणारे पाणी आम्ही पितो

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील गृहनिर्माण सोसायट्यांचे सर्व सभासद

स. न. वि. वि.

मी सोलापूरचा. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, हे तुमच्या कानावर असेलच. चार-चार, पाच-पाच दिवस वाट पाहायची, पाणी सुटले की घरातली सगळी भांडी भरून ठेवायची, यात आमच्या दोन पिढ्या गेल्या. पण आजची तक्रार ती नाही. आज बोलायचे आहे ते येणाऱ्या पाण्याबद्दल.

ते येते उजनी धरणातून. उजनीत कुठून येते, हे नकाशावर बोट फिरवून पाहता येईल. पवना दापोडीला मुळेत मिसळते, मुळा पुण्यात संगमावर मुठेला भेटते, आणि ही मुळा-मुठा पुढे दौंड तालुक्यात भीमेला मिळते. आळंदीहून आलेली इंद्रायणी त्याआधीच तुळापूरला भीमेत उतरलेली असते. या सगळ्यांना पोटात घेऊन भीमा उजनीच्या जलाशयात शिरते. तिथून शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनीने काही पाणी सोलापुरात येते. काही नदीत सोडले जाते, ते पंढरपुरावरून वाहत औजच्या बंधाऱ्यात येऊन थांबते आणि टाकळीहून आम्ही ते उचलतो. थोडक्यात, पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये सकाळी जी बेसिने, मोऱ्या आणि संडास वाहतात, त्यांच्या वाटेच्या शेवटी आमचे पिण्याचे भांडे आहे.

हे पत्र लिहायचे कारण तुमच्याकडची एक सभा. माझी मुलगी तिकडे एका मोठ्या सोसायटीत राहते. मागे तिच्याकडे असताना सोसायटीची सभा निघाली. जावई बाहेरगावी होते, मुलीबरोबर मीही जाऊन मागच्या खुर्चीवर बसलो. विषय होता, तळघरातला एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याचा सोसायटीचा स्वतःचा प्रकल्प, पुन्हा चालू करायचा का. बिल्डरने बांधून दिलेला हा प्रकल्प ताबा मिळाल्यावर काही दिवस चालला आणि बंद पडला तो पडलाच. संडासच्या फ्लशसाठी वेगळी पाइपलाइन प्रत्येक घरात आहे, पण तिच्यातून आता टँकरचे पाणी खेळते.

चर्चा फार लांबली नाही. एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "लोकांच्या घाणीचं पाणी माझ्या बाथरूममध्ये नको." टाळ्या पडल्या. एक बाई म्हणाल्या, घरात देव आहेत, सासूबाईंचं सोवळं असतं. आणखी एकाने टँकरचा खर्च वाचून दाखवला आणि वर म्हणाला, पैसे जाऊ देत पण तो वास नको. विषय बारगळला आणि सभा गणपतीच्या वर्गणीकडे वळली. मी गप्प बसलो, कारण पाहुण्याने बोलायचे नसते. आता माझ्या गावातून बोलतो.

आधी साधा हिशोब करू. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागते, असे आपल्याकडचे सरकारी प्रमाण आहे. त्यातले ४५ लिटर फ्लशला जाते. तुमच्या सोसायटीत ४०० घरे आणि घरात चार माणसे धरली तर रोज ७२,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सात टँकर, केवळ संडासात ओतले जातात. हे सात टँकर कुठल्या तरी गावच्या विहिरीतून किंवा बोअरमधून उपसलेले असतात. त्याच वेळी तुमच्याच घरांतून त्याच्या दुपटीहून जास्त सांडपाणी ड्रेनेजमध्ये जात असते. वीस हजार चौरस मीटरच्या पुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्या मंजुरीच्या अटींतच हा प्रकल्प आणि ही दुहेरी पाइपलाइन येते. म्हणजे फ्लॅटच्या किमतीत त्याचे पैसे तुम्ही कधीच मोजलेले आहेत.

आता ड्रेनेजमध्ये गेलेल्या पाण्याचे पुढे काय होते ते पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि प्रत्यक्षात शुद्ध होते २०,२३६ दशलक्ष लिटर. बाकीचे जसेच्या तसे नाल्यात आणि नदीत जाते. पुण्याची स्थिती देशाच्या सरासरीपेक्षा बरी आहे, हे मान्य. पण नदी स्वच्छ करण्यासाठी जपानच्या जायका संस्थेच्या साहाय्याने ३९६ दशलक्ष लिटरची ११ नवी केंद्रे बांधायचा प्रकल्प मान्यता मिळाल्यावर किती वर्षे रखडला, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेच आहे. तुमच्या तळघरातला प्रकल्प बंद ठेवला की तेवढा भार त्या अपुऱ्या व्यवस्थेवर पडतो. जे तिला पेलत नाही, ते आमच्याकडे निघते.

मी नोकरीत असताना पाणी तपासण्याचेच काम केले, म्हणून पुढचे जरा अधिकाराने सांगतो. आपल्याकडच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी घालतात, गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरातून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. नदीचे गढूळ पाणी पिण्याजोगे करायला ही पद्धत उत्तम आहे. जंतू मारण्याचे आणि गाळ काढण्याचे काम ती चोख करते. पण विरघळलेला नायट्रेट, साबणांचे आणि औषधांचे अंश, कारखान्यांतून आलेले काही पदार्थ तुरटीला दाद देत नाहीत. ती पद्धत त्यासाठी बनलेलीच नाही.

आता कोणी म्हणेल, हा माणूस उगीच घाबरवतोय, उजनीत सह्याद्रीचा पाऊसही येतोच की. येतो. पावसाळ्यात धरणे भरून वाहू लागली की उजनीत एवढे पाणी येते की त्यात तुमचे सांडपाणी शोधून सापडायचे नाही. इतक्या लांबच्या प्रवासात ऊन, हवा आणि नदीतले जीवजंतूही बरेच काम करतात. खरी परीक्षा उन्हाळ्यात असते. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचे राखीव पाणी. उपयुक्त पाणी संपले की धरण 'उणे' मध्ये जाते, हा शब्द सोलापूर जिल्ह्यात शाळकरी पोरालाही कळतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेले होते. त्या दिवसांत आम्ही पितो ते पाणी तळाशी उरलेले, शेवाळाने हिरवे झालेले असते. वरून ताजा पाऊस नसतो, वरून येत असते ते बहुतांश तुमच्या शहरांतून सुटलेले पाणी. हिरवेपणा येतो नायट्रोजन आणि फॉस्फरसने, आणि त्यांचा मोठा पुरवठा सांडपाणी करते. जलाशयातल्या कोळ्यांना विचारा, त्यांच्या जाळ्यात कधीकाळी कोणकोणते मासे यायचे आणि आता सगळीकडे चिलापीच कशी आहे.

म्हणजे पुनर्वापराचे पाणी लोक स्वीकारतील का, या प्रश्नाला इकडे काही अर्थच उरलेला नाही. आम्हाला कोणी विचारले नाही. आमची सभा झाली नाही, ठराव झाला नाही, टाळ्या पडल्या नाहीत. आम्ही ते वर्षानुवर्षे पितो आहोत.

तुमच्या चिळसेची मात्र मला थट्टा करायची नाही. ती खरी असते आणि शिकलेल्या माणसालाही सोडत नाही. पॉल रोझिन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. मेलेले, पूर्ण निर्जंतुक केलेले झुरळ सरबताच्या पेल्यात बुडवून काढायचे आणि मग लोकांना ते सरबत पुढे करायचे. त्यात जंतू नाहीत हे पटूनही बहुतेकांनी पेला दूर सारला. एकदा लागलेले लागले, मग ते धुऊन जात नाही, असे मन मानते. याच रोझिन यांनी पुढे शुद्ध केलेल्या सांडपाण्याबद्दल अडीच हजारांहून अधिक अमेरिकी लोकांची मते तपासली. २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ४९ टक्के लोक असे पाणी प्यायला तयार होते, ३८ टक्के अनिश्चित आणि १३ टक्क्यांचा साफ नकार. मला त्यातली एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटली. तेच पाणी काही वर्षे जमिनीखाली मुरवले किंवा नदीतून दूरवर वाहू दिले असे सांगितले, की लोकांचा विरोध उतरत जातो.

तुमचेही नेमके तेच झाले आहे. तळघरातल्या टाकीत शुद्ध झालेले पाणी तुम्हाला नको, कारण ते कुठून आले हे तुम्हाला दिसते. तेच पाणी, शुद्ध न करता, नदीतून वाहत जाऊन सोलापूरकराच्या माठात पोचले की तुमच्या लेखी ते 'नदीचे पाणी' होते. नदी पाणी थोडेफार धुते हे खरे. तुमच्या मनावरचे ओझे मात्र ती पूर्ण धुते.

सोवळ्याचा मुद्दा त्या बाईंनी काढला म्हणून बोलतो, नाहीतर विषय नाजूक आहे. पाण्याचा विटाळ ही आपल्या समाजाची जुनी सवय आहे, आणि तिचा पाण्यात काय आहे याच्याशी संबंध कधीच नव्हता. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांनी आणि हजारो लोकांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्यायले. त्या तळ्यावर जनावरे येत, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. माणसांनी ओंजळ भरली तेव्हा मात्र तळे बाटले, आणि मग शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. आज कोणी तसे उघडपणे करणार नाही. पण 'लोकांच्या घाणीचं पाणी' हे शब्द मी सभेत ऐकले तेव्हा त्यातला 'लोकांच्या' हा शब्द मला जास्त टोचला. स्वतःच्या घरचे असते तर चालले असते, असा त्याचा अर्थ होतो. शेजारच्या विंगमध्ये राहणारी माणसे म्हणजे लोक.

आणि त्याच सोसायटीतून आषाढीला मंडळी पंढरपूरला जातात. चंद्रभागेत उभे राहून डोळे मिटून आचमन करतात. चंद्रभागा म्हणजे भीमाच, आणि वारीच्या वेळी तिला पाणी सुटते ते उजनीतून. वारकऱ्याच्या श्रद्धेबद्दल मला बोलायचे नाही, मीही माळकऱ्याच्या घरचा आहे. पण ज्या पाण्याचा तुम्ही तीर्थ म्हणून घोट घेता, त्यात तुमच्याच ड्रेनेजचा अंश आहे. तो शुद्ध करून पाठवणे तुमच्या हातात आहे. सरकारने २०१६ मध्ये 'नमामि चंद्रभागा' जाहीर केले. त्याचे काय झाले ते सरकारला विचारूच, पण तुमच्या तळघरातला ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारे यंत्र, चालू करायला कुठल्याही अर्थसंकल्पाची गरज नाही.

वासाची तक्रार मात्र मला खरी वाटते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. एसटीपीच्या टाकीत खरे काम करतात ते जिवाणू. ब्लोअर त्यांना हवा देतो, आणि हवा मिळाली की ते पाण्यातली घाण खातात. ते दह्याच्या विरजणासारखे असतात. जपावे लागते, नाहीतर नासते. आता सोसायटीत काय होते? वीजबिल जास्त आले म्हणून कमिटी सांगते, रात्री ब्लोअर बंद ठेवा. मग दिवसाही काही तास बंद. हवा तुटली की ते जिवाणू मरतात आणि त्यांच्या जागी हवेशिवाय जगणारे दुसरे जिवाणू माजतात. ते सोडतात हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. तो फ्लशमधून घरात येतो, सभेत ओरड होते आणि कमिटी म्हणते, बघा, हे पाणी वापरण्याजोगे नाहीच, प्रकल्प बंद करू. वीज वाचवायला गेलात म्हणून वास आला, आणि वास आला म्हणून आता टँकरवर त्या विजेच्या कितीतरी पट खर्च चालला आहे. पाण्याला पिवळट झाक आली, कमोडला डाग पडले, ही तक्रारही बहुतेक वेळा कार्बन फिल्टरमधला कोळसा वेळेवर न बदलल्याची असते.

भीतीलाही जागा आहे. फ्लशचे पाणी चुकून पिण्याच्या पाइपात मिसळले तर काय? असे झाले आहे. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टजवळच्या लाइड्शे राइन वसाहतीत पिण्याच्या आणि इतर वापराच्या पाण्याच्या दोन वेगळ्या वाहिन्या होत्या. २००१ मध्ये त्यांची चुकीची जोडणी झाली, लोक आजारी पडले आणि पुढे त्या सरकारने घरांसाठीच्या अशा मोठ्या योजनाच थांबवल्या. म्हणून पाइपांचे रंग वेगळे ठेवा, पाण्याचा दाब वेगळा ठेवा, आणि प्लंबरने घरात फेरबदल केला की जोडणी तपासून घ्या. हे कंटाळवाणे काम आहे आणि ते कायम करत राहावे लागते. पण भीतीचे तोंड नेमके कुठे वळवायचे याचाही विचार करा. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सिंहगड रस्ता परिसरात आणि पुण्याच्या इतर भागांत गिलन बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर घाला घालणाऱ्या आजाराचे, दोनशेहून अधिक संशयित रुग्ण सापडले आणि संशय पिण्याच्या दूषित पाण्यावर गेला. तो पुनर्वापराच्या फ्लशवर नव्हता. त्याच सुमारास तुमच्या किती सोसायट्यांनी टँकरवाल्याला विचारले की हे पाणी कुठल्या विहिरीतले, आणि तपासलेय का? टँकर गेटवर आला की त्याला आपण पाणी म्हणतो. मुळात तो कुठून आला हे दिसत नाही, म्हणून त्याची चिळस येत नाही.

बरे, सगळ्यांनी लगेच प्यायला सुरुवात करा असे मी म्हणत नाही. ते दूरचे आहे, आणि जिथे लोक पितात तिथे त्यामागे फार मोठी शिस्त आहे. नामिबियाच्या विंडहोक शहरात १९६८ पासून सांडपाणी अनेक टप्प्यांत शुद्ध करून थेट पिण्याच्या पाण्यात मिसळले जाते. वाळवंटी मुलूख, दुसरी नदी जवळ नाही, त्यामुळे त्यांनी निर्णय घेतला आणि मग अर्धशतकाहून जास्त काळ तो काटेकोरपणे पाळला. सिंगापूरने २००२ मध्ये राष्ट्रीय दिनाच्या सोहळ्यात 'न्यूवॉटर'च्या बाटल्या वाटल्या, पंतप्रधानांनी लोकांदेखत ते पाणी प्यायले, आणि प्रकल्प पाहायला शाळकरी मुलांना आणले. तिथेही त्यातले बरेचसे पाणी कारखान्यांना जाते. याउलट ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा शहराने दुष्काळ असतानाही २००६ मध्ये मतदान घेऊन हे पाणी नाकारले. सुमारे ६२ टक्के लोक विरोधात गेले. तिथल्या लोकांना मी मूर्ख म्हणणार नाही. प्रशासनाने निर्णय आधी घेतला आणि समजावणी नंतर केली, की लोक काय करणार?

आपल्या राज्यात चिळसेचा प्रश्न न येता झालेली कामेही आहेत. नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी रोज १३० दशलक्ष लिटर या हिशोबाने कोराडीच्या वीज केंद्राला दिले गेले. यंत्राला चिळस येत नाही. औष्णिक वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असेल तर तेच पाणी वापरायचे, असे केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणातच आहे. नवी मुंबईत कोपरखैरणे आणि ऐरोलीला आणखी एक टप्पा जास्त शुद्ध केलेले पाणी एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी तयार होते. पुण्यातही बांधकामांना टँकरने शुद्ध केलेले पाणी घ्यायला लावणारा नियम झाला. तो किती पाळला जातो, हे तुमच्या शेजारच्या बांधकामावर जाऊन विचारा.

आणि मुंढव्याचे विसरू नका. पुण्याने खडकवासल्याच्या धरणांतून उचललेल्या पाण्याच्या बदल्यात वर्षाला साडेसहा टीएमसी शुद्ध केलेले पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीतले पाणी उपसणाऱ्या विहिरीतून, कालव्यात सोडायचे आणि ते हवेली, दौंडच्या शेतकऱ्यांना द्यायचे, असा करार झाला. कागदावर फार चांगली गोष्ट. पण शेतकरी वर्षानुवर्षे म्हणत आले आहेत की हे पाणी पुरते शुद्ध नसते, वास येतो, अंगाला खाज सुटते. शहर म्हणते आम्ही पाणी दिले, शेतकरी म्हणतो घाण दिली, आणि पाटबंधारे खाते मोजमाप दाखवते. मला विचाराल तर पुनर्वापराच्या पाण्याची बदनामी तुमच्या सभेत झाली नाही, ती अशा कालव्यांवर झाली. अर्धवट शुद्ध केलेले पाणी गळ्यात मारायचे आणि वर 'लोकांची मानसिकता' बदलायला सांगायचे, हे शेतकऱ्याला कळत नाही असे वाटते का? त्याने नकार दिला तर त्याला अंधश्रद्ध म्हणू नका, त्याच्यासमोर प्रयोगशाळेचा कागद धरा.

माझ्याच गावाकडेही एक बोट दाखवतो, नाहीतर तुम्ही दाखवालच. आमच्या उशाशी एनटीपीसीचे १,३२० मेगावॉटचे वीज केंद्र आहे आणि तेही उजनीचे पाणी घेते. पन्नास किलोमीटरचा नियम तिथेही लागतो. आमच्या नाल्यांचे पाणी सीनेकडे जाते, सीना कुडलला भीमेत मिसळते, आणि पुढे कर्नाटकात अफझलपूर, कलबुर्गीकडची माणसे आहेत. त्यांचे असेच पत्र आम्हाला आले, तर मी निमूट वाचेन. पण ते पत्र अजून आलेले नाही, आणि तुम्ही वरच्या अंगाला आहात, म्हणून आधी तुमचे.

तुमच्या सोसायटीत एक माणूस आहे ज्याला तुम्ही बहुतेक नावाने ओळखत नाही. एसटीपीचा ऑपरेटर. तळघरात, ब्लोअरच्या आवाजात, त्या वासात तो आठ तास बसतो. कंत्राटदार त्याला किती पगार देतो हे कमिटीलाही ठाऊक नसते. गाळ साचला की त्याला किंवा त्याच्यासारख्या कोणाला तरी टाकीत उतरवतात. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय असे उतरवायला बंदी आहे, तरी तुमच्याच भागात सोसायट्यांच्या टाक्यांत गुदमरून माणसे मेली आहेत. ज्या पाण्याने तुमचे बोट भिजायला नको, त्यात दुसऱ्या माणसाला कमरेएवढे उभे करायला आपल्याला काही वाटत नाही. चिळसेचे वाटप असे असते.

तेव्हा माझी मागणी अगदी साधी आहे. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत एसटीपीचा विषय पुन्हा घ्या आणि तो गणपतीच्या वर्गणीच्या आधी ठेवा. ती सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे मुदत तुम्हाला माहीत आहे. कमिटीला तीन आकडे मागा: ब्लोअर दिवसात किती तास चालतो, टँकरवर महिन्याला किती जातात आणि गेल्या वर्षभरात पाणी किती वेळा प्रयोगशाळेत तपासले. शेवटच्या आकड्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी 'एकदाही नाही' असेल. मग दर महिन्याला बीओडी (पाण्यात सडणारी घाण किती उरली याचे माप), वास, क्लोरीन आणि जंतूंचा तपासणी अहवाल लिफ्टशेजारच्या फलकावर लावायला सांगा, जिथे हरवलेल्या मांजराची आणि योगवर्गाची जाहिरात लावता. आकडे खराब आले तरी लावा. विशेषतः खराब आले तर लावा, कारण लोकांचा विश्वास त्या दिवशी बसतो. ऑपरेटर कंत्राटदाराच्या मर्जीवर न ठेवता शिकलेला घ्या आणि त्याला नीट पगार द्या. पाणी आधी बागेत वापरा, गाड्या धुवा, आणि वास येत नाही याची खात्री पटली की फ्लशला जोडा. ज्यांना देवघराची चिंता आहे, त्यांना प्लंबरसोबत नेऊन दोन्ही पाइप कुठून कुठे जातात ते दाखवा.

आणि तरीही पाणी उरेल. महापालिकेला विचारा की ते घ्यायला ती यंत्रणा का उभी करत नाही, रस्ते धुवायला, बागांना, बांधकामांना. तुम्ही लाखो मतदार आहात. रस्त्यात खड्डा पडला की तुमचे नगरसेवक दारात येतात. याच्यासाठीही येतील, तुम्ही बोलावले तर.

तुम्ही हे केलेत तर उजनी एकदम निवळणार नाही, हे मी जाणतो. पण उन्हाळ्यात, धरण उणे मध्ये गेल्यावर, आम्ही जे पितो त्यात तुमच्या घरचा वाटा थोडा कमी होईल. तेवढ्यासाठी हे पत्र.

कळावे,

आपला,
भीमेच्या खालच्या अंगाचा एक सोलापूरकर

ता. क. सभेत 'घाणीचं पाणी' म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना एक निमंत्रण. मे महिन्यात सोलापूरला या. भाकरी आहे, शेंगाची चटणी आहे. पाणी ज्या दिवशी येईल त्या दिवशी या.